डावीकडचं लॉक

अपघाताच्या रिपोर्टाच्या छापील फॉर्मवर ‘कारण’ या शब्दापुढे जेमतेम चार बोटं जागा सोडलेली असते. आषाढातल्या त्या रात्री, दुसरी पाळी सुटायला अर्धा तास असताना, मी त्या जागेत चार शब्द लिहिले : ‘चालकाने लॉक उघडले नाही’. खाली त्याची सही घेतली. त्याने फॉर्म वाचला नाही. हात ओले होते म्हणून त्याने ते आधी शर्टाला पुसले, शर्टही ओलाच होता, मग माझ्या टेबलावरच्या जुन्या पेपरला पुसले आणि मी बोट ठेवलं तिथे सही केली. सहीच्या शेवटच्या अक्षरावर केसातून पाण्याचा थेंब पडला आणि शाई पसरली. ती पसरलेली शाई मला अजून दिसते. मी लिहिलं त्यात खोटं काही नव्हतं, कंटेनर ट्रेलरला धरून ठेवणारं एक लॉक उघडलेलं नव्हतंच. तरी घरी येताना, रिक्षात बसल्यापासून दारात उतरेपर्यंत, एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली, की आपण आज कोणाचं तरी काहीतरी अर्धंच लिहून आलो.

मी उरणजवळच्या एका कंटेनर यार्डात कामाला आहे. बंदरातून आलेले कंटेनर आमच्याकडे उतरतात, कस्टमचे सोपस्कार होईपर्यंत थांबतात आणि पुढे जातात. यार्डात मात्र कंटेनर कोणी म्हणत नाही, डबा. वीस फुटी डबा, चाळीस फुटी डबा, भरलेला डबा, खाली डबा. आणि हे डबे उचलून एकावर एक रचणारं रीच स्टॅकर नावाचं जे यंत्र, तो आमच्याकडे नुसता ‘स्टॅकर’. त्या रात्री स्टॅकरवर जे ऑपरेटर होते त्यांना सगळं यार्ड काका म्हणतं, म्हणून मीही काकाच म्हणेन. पाऊस असा की फ्लडलाइटच्या उजेडात नुसत्या रेघा दिसत होत्या. रांगेतला ट्रेलर पुढे आला. त्यावर वीस फुटी दोन डबे, एकामागे एक. काकांनी आधी मागचा धरला. स्प्रेडर, म्हणजे स्टॅकरच्या हाताच्या टोकाची डबा धरणारी चौकट, डब्याच्या माथ्यावर टेकला, नारिंगी दिवा लागला. चार कोपऱ्यांतल्या चार खुंट्या वळल्या, लाल दिवा जाऊन हिरवा आला. आणि डबा वर निघाला. मी सर्व्हेच्या केबिनच्या दारात उभी होते, वीसेक पावलांवर. ट्रेलरवरचा भार निघाला की त्याचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, सैल होतात आणि गाडी आपसूक थोडी वर येते. उन्हातून आलेल्या माणसाने डोक्यावरचं ओझं उतरवून पाठ सरळ करावी तशी. ते रोजचंच, त्याकडे कोणी बघत नाही. पण त्या रात्री गाडी पाठ सरळ करून थांबली नाही. मागच्या डाव्या टायरच्या खाली, टायर आणि जमीन यांच्या मधे, मला उजेडाची एक फट दिसली. पलीकडच्या खांबावरच्या दिव्याचा उजेड, जिथे कधीच दिसू नये तिथे. टायरच्या खाचांतून पाणी गळत होतं आणि ते पाणी हवेतून खाली पडत होतं. मी ओरडले. त्या पावसात आणि इंजिनाच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही.

काका त्याआधीच थांबले होते.

त्यांची ती सवय आहे. डबा वीतभर उचलतात आणि थांबतात. अगदी क्षणभर. मग पुढे. इतर ऑपरेटर एकाच दमात वर नेतात, आणि पाळीच्या शेवटी कोणाचे किती मूव्ह झाले, म्हणजे कोणी किती डबे हलवले, त्याचा कागद निघतो तेव्हा काका नेहमी दोन-चारने मागे असतात. मीच तो कागद काढते. त्या रात्री त्यांनी डबा जितका वर नेला होता तितकाच, निजलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा, परत खाली टेकवला. ट्रेलरचे टायर जमिनीला लागले, पाटे दबले, मग ड्रायव्हर केबिनमधून उडी मारून बाहेर आला. अनवाणी. नियमाप्रमाणे डबा उचलताना त्याने गाडीत बसायचं नसतं, पिवळ्या पट्ट्यापलीकडे उभं राहायचं असतं. पिवळ्या पट्ट्यापलीकडे छप्पर नाही. तो गाडीत बसला होता, कारण पाऊस होता. गाडीचं मागचं अंग वर जाताना पुढे काय वाटलं असेल ते त्याने मला नंतर एवढंच सांगितलं : “मॅडम, सीट अशी मागून लोटली कुणीतरी.” कोणाला लागलं नाही. वाकलेलं एक लॉक आणि चरा गेलेला एक कोपरा, एवढंच नुकसान. अशा घटनेला आमच्या फॉर्ममध्ये ‘किरकोळ’ या रकान्यात खूण करतात.

मला स्टॅकर आवडतो, हे आधी सांगायला हवं. पहिल्या दिवशी मी त्याला घाबरले होते. नुसत्या यंत्राचंच वजन सत्तर टनांच्या आसपास. पुढचे चार टायर जवळजवळ माझ्या उंचीचे. ओल्या रबराचा, डिझेलचा आणि गरम हायड्रॉलिक तेलाचा एकत्र वास त्याच्या आधी येऊन पोचतो. पण मग मी काकांना काम करताना बघायला लागले. त्याचा तो लांब हात, बूम, मागच्या अंगाला जोडलेला असतो. तो उचलत गेलं की डबा नुसता वर जात नाही, वर जाता जाता ऑपरेटरकडेही सरकतो. डबा सरळ वर न्यायचा असेल तर बूम उचलत असतानाच तो लांबही करत जावा लागतो, दोन्ही एकाच दांडीने, एकाच हाताने, आणि दोन्हींचा मेळ डोळ्यांनी घालायचा. पाचव्या थरावर डबा ठेवायचा तर खालच्या डब्याच्या चार कोपऱ्यांवर वरचे चार कोपरे यायला हवेत. डब्याची सगळी ताकद त्या कोपऱ्यांत आणि त्यांना धरून असलेल्या खांबांत असते, भिंती जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या पन्हळी पत्र्याच्या. बोटभर इकडे, बोटभर तिकडे. भरलेल्या डब्याचं वजन तीस टनांपर्यंत असू शकतं, आणि काका तो असा टेकवतात की वरच्या थरावर बसलेला बगळा उडत नाही. हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही, मी पाहिलेलं आहे.

आणि त्याची ताकदही अंतरावर असते. अगदी पुढ्यातल्या रांगेतला डबा असेल तर आमचा स्टॅकर पंचेचाळीस टन उचलतो. एक रांग ओलांडून पलीकडचा घ्यायचा तर एकतीस. दोन रांगा ओलांडून, हात पूर्ण लांबवून, जेमतेम सोळा. कागदावर हा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो शिकावा लागला नाही. आईने लहानपणी शिकवलेला होता : हंडा कमरेला लावून धर, लांब धरशील तर सांडशील.

माझी आई मिठागरात काम करायची. उन्हाळ्यात, मीठ धरल्यावर, कप्प्यांतून बांधावर टोपल्या वाहायच्या. मी शाळेला सुट्टी लागली की तिच्याबरोबर जायचे, काम करायला नाही, धाकट्या भावाला सांभाळायला. पायाला चिरा पडलेल्या असल्या की ते पाणी कसं झोंबतं, ते आमच्याकडच्या बायकांना सांगावं लागत नाही. मला आठवतो तो आवाज. भरलेल्या टोपलीपाशी उभी राहून, डोक्यावर चुंबळ नीट बसवत, प्रत्येक बाई हाक मारायची, “हात लाव गो बाय.” भरलेली टोपली एकटीला आपल्या डोक्यावर चढवता येत नाही. एकदा डोक्यावर बसली की मैलभर नेता येते, पण जमिनीपासून डोक्यापर्यंतचा तो प्रवास दुसऱ्या बाईशिवाय होत नाही. मग ती दुसरी हात लावायची, तिला तिसरी लावायची. सगळ्यांत शेवटी उरायची तिला कोण लावणार? ती आपली टोपली आधीच बांधाच्या उंचवट्यावर ठेवून यायची आणि गुडघ्यात वाकून डोकं टोपलीखाली घालायची. माझ्या आठवणीत शेवटी उरणारी बहुतेक वेळा आईच असायची, पण ती मुलीची आठवण आहे, तेव्हा ती खरी असेलच असं नाही.

थोरले काका, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, मुंबईच्या गोदीत होते. त्यांच्या खांद्यावर, मानेच्या बुडाशी, एक घट्टा होता, लहानपणी आम्ही तो बोटाने दाबून बघायचो. पोती, पेट्या, गाठी. हुक मारायचा, ओढायचं, खांद्यावर घ्यायचं. बोट रिकामी व्हायला आठवडा लागायचा, कधी जास्त. ओझं डोक्यावर वाहतो तो माथाडी. आपल्या राज्याने १९६९ साली या माणसांसाठी वेगळा कायदा केला, म्हणजे डोक्यावर ओझं घेणाऱ्यांना कायद्याने नाव दिलं. मला त्या गोष्टीचा अभिमान आहे. आणि त्याच्या तेरा वर्षं आधीच, २६ एप्रिल १९५६ ला, अमेरिकेत माल्कम मॅक्लिन नावाच्या ट्रकवाल्याने ‘आयडियल एक्स’ नावाच्या बोटीवर अठ्ठावन्न डबे चढवून न्यूआर्कहून ह्यूस्टनला पाठवले होते. सुट्टा माल हातांनी चढवायला टनाला ५ डॉलर ८३ सेंट लागायचे, त्या बोटीचा हिशोब सोळा सेंटच्या आत आला. हा आकडा मला आमच्याच यार्डातल्या एका ट्रेनिंगमध्ये फळ्यावर लिहून दाखवला होता. बाकी सगळे माना डोलवत होते आणि मला थोरल्या काकांचा घट्टा आठवत होता. सोळा सेंटमध्ये तो नव्हता. बरं झालं, असंच वाटलं. खरंच बरं झालं. कोणाच्याही मानेवर तसा घट्टा पडू नये. पण त्याच हिशोबातून संध्याकाळी गोदीच्या दारातून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडणारी माणसंही वजा झाली होती, आणि ते मला फळ्यावर कुठे दिसलं नाही.

आता त्या चार खुंट्यांबद्दल. मॅक्लिनकडे कीथ टँटलिंगर नावाचा एक इंजिनिअर होता, ही करामत मुख्यतः त्याची. डब्याच्या आठही कोपऱ्यांना ओतीव पोलादाचा एक जाड पोकळ ठोकळा, त्याला लांबट भोक. त्या भोकात त्याच आकाराची खुंटी घालायची आणि ती पाव फेरा वळवायची. वळली की डबा धरला, परत वळवली की सुटला. ट्विस्टलॉक. सगळ्या जगाचा माल या पाव फेऱ्यावर चालतो. बोटीवर डबे एकमेकांना धरून राहतात ते याच्यावर, क्रेन डबा उचलते ती याच्यावर, आणि ट्रेलरवर डबा वळणावर घसरत नाही तोही याच्यावरच. म्हणजे डबा ट्रेलरवर असतो आणि स्टॅकर त्याला वरून धरतो, त्या क्षणी त्याला दोन बाजूंनी लॉक लागलेली असतात. वरून चार, स्टॅकरची. खालून चार, ट्रेलरची. वरच्या चारांची स्टॅकर इतकी काळजी घेतो की बघत राहावं. स्प्रेडर चारही कोपऱ्यांवर नीट टेकला नसेल तर लॉक वळतच नाहीत. लटकलेला डबा चुकून बटण दाबलं तरी सुटत नाही. तीन रंगांचे दिवे आहेत, सेन्सर आहेत, वजन जास्त झालं तर यंत्र स्वतःच थांबतं. खालच्या चारांची मात्र त्याला काहीच खबर नसते. तिथे दिवा नाही, सेन्सर नाही. तिथे एक गंजलेली मूठ असते आणि ती फिरवणारा एक हात. तो हात पोचला की नाही, हे पंचेचाळीस टन उचलू शकणाऱ्या त्या एवढ्या हुशार यंत्राला कळायची सोय कोणी केलेली नाही.

त्या रात्री तीन ठिकाणी हात पोचला होता. राहिलं ते डाव्या बाजूचं, दोन डब्यांच्या मधलं.

सही झाल्यावर मी त्याला चहा दिला. माझ्या पाळीचा शेवटचा अर्धा कप थर्मासमध्ये उरला होता. बीडकडचा होता. पंचेचाळिशीचा असेल, कमीही असेल, ट्रेलर चालवणाऱ्या माणसांचं वय चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणाला, “मॅडम, तीन उघडली. चौथं बी उघडलं असंच मनात व्हतं.” मग थोडा वेळ कपाकडे बघत म्हणाला, “डावी साईड आमच्या क्लीनरची असायची ना.” मी विचारलं, क्लीनर कुठे? तर त्याने हात हवेत उडवला. आता कोण ठेवतंय क्लीनर. भाड्यात दोघांचं भागत नाही, मालक एकाचेच पैसे धरतो. आणि पोरंही येत नाहीत, त्यांना काय, डिलिव्हरीचं काम मिळतं. वीस वर्षं क्लीनर बरोबर असल्यावर पाय उतरतात ते उजवीकडेच उतरतात, म्हणाला. उजवीकडची दोन उघडायची, मागून वळसा घालायचा, तिथलं एक उघडायचं, आणि इतकं होईपर्यंत मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिलेला असतो. सकाळी नऊला तो रांगेत लागला होता. आमच्या गेटच्या आत आला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. बारा तासांत एक वडापाव आणि गुडघाभर पाण्यातून दोनदा खाली उतरणं. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही, मी विचारत गेले म्हणून सांगितलं. मी फॉर्मकडे पाहिलं. चार बोटं जागा भरून गेली होती.

मला माझ्या कामात चूक खपत नाही. डब्याच्या नंबरात चार अक्षरं असतात, मग सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एकटा एक आकडा. तो शेवटचा आकडा म्हणजे बाकीच्या सगळ्यांवर ठेवलेला पहारेकरी. प्रत्येक अक्षराला किंमत आहे, जागेप्रमाणे तिला गुणायचं, बेरीज करून अकराने भागायचं, उरेल तो चौकटीत. लिहिताना तीनचे आठ झाले तर सिस्टीम तिथल्या तिथे लाल होते. मला ती गोष्ट फार आवडते, नव्या मुलांना मी ती हौसेने समजावून सांगते. पण कारणाच्या रकान्याला असा पहारेकरी नाही. तिथे काहीही लिहा, लाल होत नाही. त्याची गाडी पंधरा दिवस आमच्या गेटवर बंद केली गेली. माझ्या चार शब्दांवर.

घरी आले तेव्हा आई जागी होती. तिला आता नीट दिसत नाही, पण दाराचा आवाज कळतो. जेवताना मी तिला सगळं सांगितलं. टायरखालची उजेडाची फट, काकांचं थांबणं, तो ड्रायव्हर. आईने स्टॅकर कधी जवळून पाहिलेला नाही. आमच्या ओटीवरून पूर्वी डोंगर दिसायचा, आता खाली डब्यांची भिंत दिसते, लाल, निळी, करडी, तेवढीच तिची ओळख. वडील असते तर त्यांनी ऐकूनही घेतलं नसतं. ते जानेवारी १९८४ ला जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या जासईच्या आंदोलनात होते, दि. बा. पाटलांच्या हाकेला गेलेल्या हजारोंमधले एक. पाच माणसं गोळीबारात गेली ते त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यानंतर २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं तेव्हापासून शेवटपर्यंत ते त्या रस्त्याने गेले नाहीत, वळसा घालून जायचे. मला तिथे नोकरी लागली तेव्हा काही बोलले नाहीत. पहिल्या पगाराचे पेढे मात्र त्यांनी हातात घेतले, देवापुढे ठेवले, आणि एक उचलून खाल्ला. मी ज्या जमिनीवर उभी राहून डबे मोजते तिथे खाजण होतं. त्यात डोंगर फोडून आणलेला मुरूम ओतला, रोलर फिरवला, वर पेव्हर ब्लॉक बसवले. स्टॅकर भरलेला डबा घेऊन चालतो तेव्हा त्याच्या पुढच्या धुरीवर शंभर टनांवर भार येतो, आणि दर पावसाळ्यात कुठे ना कुठे ते ब्लॉक खचतात, खालून काळं पाणी वर येतं. त्या पाण्याला अजून खाडीचा वास आहे. मी तो ओळखते. लहानपणी आईच्या साडीला तोच यायचा.

आईने सगळं ऐकून घेतलं. भात कालवत होते, तिने विचारलं, “त्याचे संगं कोनी नव्हता?”

मी म्हटलं, नव्हतं.

“मंग,” ती म्हणाली, आणि ताटाशेजारचा तांब्या चाचपून माझ्याकडे सरकवला.

मला फॉर्मवर तो प्रश्न हवा आहे. सोबत कोण होतं? वेळ, ठिकाण, गाडी नंबर, डबा नंबर, यंत्राचा नंबर, पाऊस होता की नव्हता, हेही विचारलेलं असतं. पण सोबत कोणी होतं का, हे विचारलेलं नाही. पुढच्या आठवड्यात मी साहेबांना भेटले. उतरवायच्या जागेवर प्रत्येक पाळीला एक माणूस द्या, चारही लॉक बघून हात वर करेल, मगच स्टॅकर उचलेल, असं सांगितलं. पिवळ्या पट्ट्यापलीकडे पत्र्याची एक शेड टाका, असंही सांगितलं. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी ऐकलं, वहीत लिहिलं, शेडचं बघतो म्हणाले. माणसाचं मात्र, ते म्हणाले, वर विचारावं लागेल, दर गाडीमागे अर्धं मिनिट जाईल, दिवसाच्या गाड्या धर, गुणाकार कर. मी गुणाकार केला. त्यांच्या बाजूने तो बरोबरच होता. पण काका त्यातलं थोडं मिनिट रोज आपल्या खिशातून भरतात आणि मूव्हच्या कागदावर मागे पडतात, ते त्या गुणाकारात कुठे धरायचं, हे मला विचारता आलं नाही. गेल्या वर्षी मी स्वतः त्यांना एकदा हटकलं होतं, काका, जरा हात चालवा, रांग बघा केवढी. ते “हो ताई” म्हणाले होते, आणि त्यानंतरही वीतभर उचलून थांबतच राहिले. त्या रात्रीनंतर मी त्यांच्याकडे गेले, माफी मागायचीच होती. ते टायरपाशी बसून डबा खात होते, जेवणाचा. मी बोलायला लागले तर म्हणाले, “ताई, वरून मला त्याचं टाळकं पण दिसत नाही. गाडीचे पाटे दिसतात. मी आपला पाटे बघतो.” आणि झाकणावर एक भाकरीचा तुकडा आणि सुकटीची चटणी काढून माझ्यापुढे केली.

शेड झाली. चार खांब आणि वर पत्रा. गणपतीच्या आधी झाली.

माणूस मिळाला नाही अजून. जुना रिपोर्ट बदलता येत नाही, एकदा सही झाली की तो फाइलला. मी तेव्हापासून अशा फॉर्मवर कारणाच्या रकान्यात लिहून झालं की बाण काढून समासात जाते आणि तिथे लिहिते : रांगेत किती वेळ, सोबत कोण. कोणी वाचतं की नाही, ठाऊक नाही. समास आमच्याकडे कोरेच असतात, जागा भरपूर असते.

गौरी-गणपती होऊन कामावर आले त्या दुपारची गोष्ट. पाऊस उघडला होता, ब्लॉकवरून वाफ निघत होती. एका डब्याच्या दाराची कडी वाकली होती म्हणून मी सर्व्हेला यार्डात उतरले होते, हेल्मेट, जाकीट घालून. शेडजवळ एक ट्रेलर लागला, वर दोन वीस फुटी. ड्रायव्हर अगदी तरुण, मिसरूड फुटलेला. तो उजवीकडची लॉक उघडत खाली वाकला होता आणि मी डावीकडे उभी. त्याने गाडीखालून मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं आणि हाक मारली, “ताई, तिकडचं मधलं जरा बघता का? हात लावा ना, घट्ट हाय ते.” पलीकडे स्टॅकर येऊन थांबला होता, काचेत काका दिसत होते. मी वही काखेत धरली. दोन डब्यांच्या मधल्या सांदीत हात घातला, मूठ सापडली. हलेना. गंज, चिखल, त्यावर जुनं ग्रीस. वही खाली ठेवली, दोन्ही हात घातले, पाय चाकाला टेकवला आणि ओढलं. कर्र करून ती फिरली, पाव फेरा, आणि वरच्या भोकात खुंटीचं डोकं सरळ झालेलं मला बोटाला लागलं. चारही बघितली, गाडीला वळसा घालून. तो पोरगा माझ्या पुढे चालत शेडखाली गेला, मी पट्ट्यापलीकडे आले आणि काकांना दिसेल असा हात वर केला. स्प्रेडर उतरला. नारिंगी, मग हिरवा. डबा वीतभर वर आला आणि थांबला. गाडीचे पाटे सैल होऊन वर आले. मी खाली वाकून बघितलं. सगळे टायर जमिनीवर होते.